मदत हवी आहे: स्किझोफ्रेनिया, भावना आणि वर्किंग मेमरी. बाबांना कसं समजवावं?

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. माझ्या धाकट्या भावाला कॉलेजच्या शेवटच्या वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गोळ्या नियमित चालू आहेत, कुणी नसताना आवाज ऐकू येणं जवळजवळ थांबलंय, झोप लागते. अडचण वेगळीच आहे आणि तिच्यावरून घरात सतत वाद होतात.

एका दमात चार कामं सांगितली की त्यातलं एखाददुसरंच त्याच्याकडून होतं. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी त्याला माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती) बाजारात पाठवलं होतं. आंबाडे, चिबूड आणले, तोरिंग आणि सुपारीचा घड राहिला. बाबा सगळ्यांसमोर ओरडले. त्यानंतर तर त्याला काहीच सुधरेना. माटोळीची दोरी हातात धरून उभा राहिला, कुठल्या बाजूला बांधायची हे नुकतंच सांगितलेलं तेही आठवेना. चेहरा अगदी कोरा. बाबा म्हणाले, "बघ, ह्याला कशाचं काही पडलेलंच नाही." रात्री मात्र तो माझ्याकडे आला आणि हळूच विचारलं, "ताई, बाबा अजून रागावलेत?"

दुसऱ्या दिवशी आरतीला हाच मुलगा घुमट वाजवत होता. ताल कुठेही चुकला नाही. त्यामुळे बाबांचा संशय पक्का झाला: घुमट आठवतं, मग सामान कसं विसरतो?

मी बरंच वाचलं. हातांत बसलेली कला आणि आत्ता ऐकलेलं काही क्षण मनात धरून वापरणं, ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत. दुसरं काम ते वर्किंग मेमरीचं. 1992 साली पार्क आणि होल्झमन यांनी रुग्णांना पडद्यावर एक ठिपका दाखवला, मध्ये थोडा वेळ लक्ष दुसरीकडे गुंतवलं आणि मग ठिपका कुठे होता ते विचारलं. रुग्ण जास्त चुकले. म्हणजे यात आळसाचा किंवा नाटकाचा संबंध नाही. शिवाय ताण वाढला की कपाळामागचा, हे काम सांभाळणारा मेंदूचा भाग निरोगी माणसातही नीट चालत नाही. ज्याचा तो भाग आधीच अडखळतोय त्याच्यावर ओरडल्यावर काय होत असेल!

चेहऱ्याबद्दलही वाचलं. 1996 मध्ये क्रिंग आणि नील यांनी रुग्णांना चित्रपटांतले तुकडे दाखवले. चेहऱ्यावर भाव कमी उमटले, पण वाटलं किती असं विचारल्यावर त्यांचं उत्तर इतरांइतकंच होतं. हे वाचून मला रडू आलं. आम्ही सगळे त्याच्या चेहऱ्यावरून त्याचं मन ठरवत होतो.

माझे प्रश्न:
वर्किंग मेमरीसाठी सराव करून कुणाला घरात, कामात फरक दिसला का? ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात नेमकं काय विचारू? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाबांना कसं सांगू? ते वाईट नाहीत हो, घाबरलेत. आपल्या माघारी ह्याचं कसं होणार, ही भीतीच रागातून बाहेर पडते.

प्रतिसाद:

ताई, माझ्या थोरल्या भावाला हाच आजार आहे, आम्ही सांखळीचे. डॉक्टरांना आधी एक विचारा: हात थरथरू नयेत म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल चालू आहे का? या गोळीने स्मरणावर परिणाम होऊ शकतो. डोस कमी करता येईल का ते तेच ठरवतील, स्वतःहून बंद करू नका.

आवाज आणि संशयावर औषधं चालतात, स्मरणावर फारशी नाहीत. त्यासाठी कॉग्निटिव्ह रेमेडिएशन नावाचे सराव असतात. नुसते कॉम्प्युटरवरचे खेळ पुरत नाहीत, खऱ्या कामाशी जोडले तरच जास्त उपयोग होतो. आमच्याकडे दादा स्वतःच्या हाताने यादी लिहून खिशात ठेवतो, आणलेल्या वस्तूवर काट मारतो. आम्ही एका वेळी एकच काम सांगतो आणि ते त्याच्याकडून वदवून घेतो.

बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे तिथल्या सरकारी मनोरुग्णालयात, पुनर्वसनाबद्दल विचारा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे. बाबांना एक गोष्ट सांगून पाहा: घरातली सततची टीका आणि आजार उलटणं यांचा संबंध 1972 पासून अभ्यासांत दिसत आलाय. आमच्या वडिलांना मी सांगून पटलं नाही, डॉक्टरांनी सांगितल्यावर पटलं.

धागाकर्ती:

मनापासून आभार. गोळ्यांची पाकिटं आत्ताच काढून बघितली, ट्रायहेक्सिफेनिडिल आहे. पुढच्या वेळी बाबांना बरोबर घेऊन जाते. पण डॉक्टर हे बाबांशी बोलतील तेव्हा भावाला खोलीत बसू द्यावं की बाहेर? तुम्ही काय केलंत?