मदत हवी आहे : हुपरीच्या चांदीकामाचे जुने कागद

सप्रेम नमस्कार. हातकणंगले तालुक्यातील हुपरीत चांदीच्या पैंजणांसाठी तार ओढणे, घुंगरू जोडणे, पॉलिश करणे ही कामे घरोघरी वाटून होतात. त्यांत जैन, लिंगायत, मराठा, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांची घरे गुंतलेली असल्याने, सोनाराचा हा धंदा जातीच्या चौकटीबाहेर नेमका कसा पसरला, हे मला लिहायचे आहे. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन, म्हणजे गावचे दप्तर लिहिण्याचा वंशपरंपरागत हक्क, रद्द करून तलाठी नेमले. त्याआधीचे गावदप्तर मोडी लिपीत, आणि आमच्या घरचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुने कागद, तर वाळवीनेच आधी वाचून संपवले. मजुरीच्या जुन्या वह्या, सराफी पेढ्यांच्या पावत्या कोणाकडे असल्यास, किंवा विश्वासाने मोडी वाचून देणारे जाणकार ठाऊक असल्यास, कृपया कळवावे. झेरॉक्स पुरेशी आहे. मूळ कागद आपल्याच घरी राहू द्यावेत.