मदत हवी आहे: गुहेला गेट बसवायचंय, पण वटवाघळं राहिली पाहिजेत

नमस्कार मंडळी,

गाव पन्हाळा तालुक्यातलं. नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथं आणखी चार गाड्या लागायच्या.

गुहा जांभ्यातली. तोंड नऊ फूट रुंद, पाचेक फूट उंच. आत दोन-तीनशे तरी वटवाघळं असतील. लहान चणीची, नाकावर पानासारखी घडी असलेली. सुट्टीच्या दिवशी पोरं आत शेकोटी करून बसतात. मे महिन्यात अशाच एका पार्टीनंतर सकाळी गेलो तर खाली अकरा पिल्लं पडलेली, अंगठ्याएवढी, अंगावर केस नाहीत. यांच्या मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. हिशेब तुम्हीच करा.

ग्रामसभेत दोन तट पडलेत. एक म्हणतो, तोंड दगडांनी बुजवूनच टाका. २०२१ ला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या अँटीबॉडीज सापडल्याची बातमी आल्यापासून ही मंडळी हटून बसलीत. दुसऱ्या तटाला गेट हवंय. सरपंच गेटच्या बाजूचे, वर्गणीही जमली.

घोडं अडलंय ते डिझाइनवर. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वेल्डरनं कागदावर काढलं ते सरळ बंगल्याचं गेट: उभे बार, मागं बारीक जाळी. मी वाचलंय ते उलट. बार आडवे हवेत, दोन बारांत पावणेसहा इंच मोकळी जागा, उभे टेकू चार-चार फुटांवर, कारण पंख पसरून निघायला आडवी फट लागते. जाळी तर नकोच. वारा अडला की आतली ऊब आणि ओल बदलते, आणि वटवाघळं जागाच सोडतात. हे सांगितलं तर वेल्डर हसला. “दादा, आडवं मारलं की पोरं शिडीसारखी चढत्यात. उभंच मारूया.”

त्याचंही खोटं नाही. म्हणून मंगळवारी तोंडाच्या अर्ध्या भागात बांबूच्या कामट्या आडव्या बांधल्या आणि टॉर्चला लाल कागद लावून बसलो. बहुतेक वटवाघळं मोकळ्या बाजूनं निघाली. कामट्यांकडं आलेली दोन-तीन घिरट्या घालून परत आत. अर्ध्या तासानं मात्र एक-एक करून त्याच फटींतून सुटायला लागली.

विचारायचं ते हे: वरचा भाग मोकळा ठेवून अर्धंच गेट करू की पूर्ण? आणि काम कधी काढू? जागा गायरानाची आहे, तरी वनरक्षकांच्या कानावर घातलंय. वेल्डर शनिवारी माप घ्यायला येतोय.

प्रतिसाद १:
पाच फुटी तोंडाला अर्धं गेट म्हणजे पोरांना उडी मारायला कट्टाच. वरपर्यंत पूर्ण करा. मग शिडी असली तरी चढून जाणार कुठं? बारांना चार इंची अँगल (L आकाराचं लोखंड) घ्या, कोपऱ्याची धार वर करून लावा, वारा कमी अडतो. एक बार कुलपाचा, काढता येईल असा ठेवा. कटिंग सगळं उद्यमनगरातच उरका आणि जनरेटर तोंडापासून लांब ठेवा. पिल्लांच्या दिवसांत हात लावू नका. आत जाताना मास्क बांधा, वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीनं फुफ्फुसाचा आजार होतो.

प्रतिसाद २:
आधी जात ओळखून घ्या, विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रवाल्यांना बोलवा. हद्दीपलीकडं कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात बारापेडे गुहेत राउटनचं वटवाघूळ राहतं, त्याची शेपटी मोकळी असते. असल्या लांब अरुंद पंखांच्या, सुसाट उडणाऱ्यांना कुठलंच गेट मानवत नाही. तुमची पाननाकी दिसतात, चालेल बहुधा. आणि बसवायच्या आधी चार संध्याकाळी मोजणी करा, नंतरही करा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. पूर्ण गेटच करतो, दिवाळीनंतर. शनिवारी नुसतं माप. कुलपाची किल्ली कुणाकडं ठेवावी तेवढं सांगा, सरपंचांकडं नको. निवडणूक तोंडावर आलीय.