परदेशी कारखान्यांतल्या कामगारांची परिस्थिती आणि आपली खरेदी: जबाबदारी नक्की किती?

मुक्ता_वाचते

आमच्या वाचनालयाच्या खरेदी समितीवर मी आहे. यंदा जुने संगणक बदलायचे आहेत आणि बालविभागासाठी टॅब्लेट घ्यायचे आहेत. दरपत्रकं आली. त्यांत स्क्रीन, मेमरी, वॉरंटी सगळं आहे. बैठकीत मी विचारलं, हे कुठल्या कारखान्यात जोडले जातात आणि तिथल्या कामगारांची काय अवस्था आहे? कोणालाच सांगता आलं नाही. एक सदस्य म्हणाले, ते बघणं त्या देशाच्या सरकारचं काम, आपण फक्त गिऱ्हाईक. दुसऱ्या सदस्या म्हणाल्या, चिनी बनावटीचं काहीच घ्यायचं नाही, विषय संपला.

मला दोन्ही पटलं नाही. २०१० मध्ये चीनमधल्या शेन्झेनच्या लाँगहुआ भागात, ॲपलसारख्या कंपन्यांसाठी फोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात एकामागून एक तरुण कामगारांनी आत्महत्या केल्या आणि कोणी उडी मारली तर अडावं म्हणून वसतिगृहांना जाळ्या बांधल्या गेल्या, हे वाचलेलं डोक्यातून जात नाही. तरी फोन मी वापरतेच, आणि संगणकाशिवाय वाचनालय चालणार नाही. मग माझ्याकडून रास्तपणे काय अपेक्षित आहे? या क्षेत्रात कोणी काम केलं असेल तर कृपया लिहा. उपदेश नको, काय करता येतं ते हवं आहे.

अनिकेत_दे

मुक्ता, बहिष्काराच्या विरोधात आधी लिहितो. या कारखान्यांत येणारी मुलं-मुली शेतीवर भागत नाही म्हणून गाव सोडून येतात. कारखाना बंद पडला तर ती आणखी वाईट कामाकडे वळतात. चीनमधली मजुरी गेल्या वीस वर्षांत किती वाढली बघा, ती याच कारखान्यांमुळे वाढली. कायदा मोडणारा मालक आणि कायदा न राबवणारं सरकार, हे दोघे जबाबदार आहेत. हजारो मैलांवर बसलेल्या ग्राहकाने मनाला लावून घेतल्याने एकाही कामगाराचा एक तासही कमी होत नाही.

वैजयंती_क

अनिकेत, बहिष्काराबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. पण मालक आणि सरकार एवढ्यावर तुम्ही थांबता, तिथे मला बोलायचं आहे. कारखान्यात किती तास काम चालणार, हे बऱ्याचदा कारखान्याबाहेर ठरतं.

मी बरीच वर्षं मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांकडे सोशल ऑडिटला जात होते. हजेरीपट, पगारपत्रकं, वसतिगृहं, रसायनांची कोठारं तपासायची आणि कामगारांना एकेकटं गाठून बोलायचं, असं ते काम. दक्षिण चीनमधल्या एका कारखान्याची हजेरी अगदी चोख होती. आठवड्याला साठ तासांच्या आत, रविवारी सुट्टी. साठ तास ही या उद्योगाने आपल्या आचारसंहितेत स्वतःच घालून घेतलेली मर्यादा आहे. चीनचा कायदा त्याहून कडक आहे, महिन्याला जास्तीत जास्त ३६ तास ओव्हरटाइम.

आता, लाइनवर बसण्याआधी प्रत्येकीला मनगटावर एक पट्टा चढवावा लागतो. अंगावरची स्थिर वीज त्यातून जमिनीत उतरते, नाहीतर हात लागून चिप निकामी होते. पट्टा नीट चालतो का हे शिफ्टच्या सुरुवातीला दाराजवळच्या यंत्रावर तपासायचं आणि तक्त्यावर सही करायची. हा तक्ता क्वालिटीवाल्यांकडे असतो, हजेरी ठेवणाऱ्या एचआरकडे नसतो. मी तो मागवला. एकही रविवार सहीवाचून नव्हता.

मॅनेजरने नाकारलं नाही. त्याने कंपनीकडून आलेल्या दोन ई-मेल माझ्यापुढे ठेवल्या. एक खरेदी विभागाची: ऑर्डर वाढवली आहे, माल निघायची तारीख तीच. दुसरी त्याच कंपनीच्या सामाजिक जबाबदारी विभागाची: साठ तासांची मर्यादा ओलांडल्यास गुण कापले जातील. दोन्हींचं ऐकणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने माल वेळेवर पाठवला आणि हजेरी नव्याने लिहवून घेतली. त्याने केलं ते चूकच. पण अहवालात दोष फक्त त्याच्या नावावर लागला, खरेदी विभागाचा त्यात उल्लेख करायलाही जागा नव्हती. ऑडिटमध्ये कागदी घोडे नाचतात असं लोक म्हणतात. माझी तक्रार त्याहून मोठी आहे: ऑडिट कारखान्याचं होतं, ऑर्डर देणाऱ्याचं होत नाही.

ती तारीख येते कुठून? नवं मॉडेल जगभर एकाच आठवड्यात दुकानात यायला हवं आणि त्यासाठी आपण रांगा लावणार, हे गृहीत धरलेलं असतं म्हणून. तिथे ग्राहक थेट या साखळीत येतो.

घाईची किंमत कोण भरतं याचं मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारं उदाहरण ॲपलला टचस्क्रीन पुरवणाऱ्या, चीनमधल्या सुझोऊच्या विनटेक कारखान्यातलं आहे. टचस्क्रीन पुसायला आधी अल्कोहोल वापरत. त्याऐवजी एन-हेक्झेन हे रसायन आणलं, कारण ते चटकन उडून जातं आणि तेवढ्याच वेळात जास्त काचा पुसून होतात. काम धूळविरहित बंद खोलीत, आणि हवा खेळती ठेवायची पुरेशी सोय नाही. एन-हेक्झेन हातापायांच्या नसांवर परिणाम करतं. बोटं बधिर होतात, पायांतली ताकद जाते. १३७ कामगारांना बाधा झाली. ॲपलने २०११ च्या आपल्या पुरवठादार अहवालात हा आकडा स्वतः दिला. धुळीचा कण काचेवर बसू नये म्हणून जी खोली एवढी जपली, तिच्यातल्या माणसांच्या श्वासाचा विचार कोणी केला नव्हता.

बाहेरच्या दबावाने काहीच होत नाही, हेही खरं नाही. २०१० मध्ये जगभर ओरड झाल्यावर फॉक्सकॉनने शेन्झेनमधलं मूळ वेतन महिन्याला ९०० युआनवरून १,२०० केलं. २०१२ मध्ये ॲपलने पहिल्यांदा पुरवठादारांची यादी जाहीर केली आणि कामगारांची परिस्थिती तपासणाऱ्या फेअर लेबर असोसिएशन या संस्थेला फॉक्सकॉनचे तीन कारखाने तपासू दिले. ३५ हजारांहून जास्त कामगारांची मतं घेतली गेली. गर्दीच्या काळात साठ तासांची मर्यादा ओलांडली जाते हे कागदावर आलं. त्याच पाहणीत सुमारे एक तृतीयांश कामगारांनी आणखी तास हवेत असं सांगितलं, जास्त पैसे मिळावेत म्हणून. हे वाचून काही जण म्हणाले, बघा, त्यांनाच काम हवंय. मला त्यातून उलट दिसतं. मूळ पगारात भागत नाही, म्हणून माणूस झोप विकायला तयार होतो.

अनिकेत_दे

वैजयंती, मनगटाच्या पट्ट्याचं उदाहरण लक्षात राहील. पण एक शंका उरते. तास कमी केले आणि पगार तेवढाच ठेवला तर वस्तू महागेल, विक्री घटेल, नोकऱ्या जातील. हे गणित कसं सुटतं?

वैजयंती_क

गणित वाटतं तेवढं अवघड नाही. क्रेमर, लिंडेन आणि डेड्रिक या संशोधकांनी २०१० च्या आयफोन ४ च्या किमतीची फोड केली होती. चीनमधल्या मजुरीचा वाटा विक्री किमतीच्या १.८ टक्के निघाला, ॲपलच्या नफ्याचा ५८.५ टक्के. मजुरीचा वाटा उद्या दुप्पट केला तरी ग्राहकाला जाणवण्याजोगा फरक पडत नाही. ॲमस्टरडॅमची फेअरफोन ही छोटी कंपनी जोडणी करणाऱ्या कामगारांना जगण्यापुरत्या वेतनाकडे नेणारा बोनस देते. त्याचा खर्च एका फोनमागे दोन डॉलरहूनही कमी येतो. अडचण पैशांची असती तर ती केव्हाच सुटली असती.

शुभदा_पुणतांबेकर

इथे सगळी चर्चा जोडणीच्या लाइनवर चालली आहे, म्हणून चिपच्या कारखान्यांबद्दल लिहिते. कोरियात गिहुंगच्या सॅमसंग कारखान्यात चिप बनवताना रसायनांशी संबंध येणारं काम करणारी ह्वांग यू-मी २००७ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. वय २२. तिचे वडील टॅक्सी चालवत. ते गप्प बसले नाहीत. बानोल्लिम ही संघटना उभी राहिली, तसेच आजारी पडलेले आणखी कामगार पुढे आले, सोलमध्ये कंपनीच्या इमारतीजवळ हजाराहून अधिक दिवस धरणं चाललं. सॅमसंगने जाहीर माफी मागितली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये. त्या अकरा वर्षांत जगभर किती फोन विकले गेले! त्या बापाला ग्राहकांची साथ फारच थोडी मिळाली, आणि मला हेच टोचतं. कोणी लढायला उभं राहिलं असेल तेव्हा त्याची बातमी वाचून पुढे न जाणं, पत्रावर सही करणं, कंपनीला विचारणं, एवढं तरी आपल्याकडून व्हायला हवं.

सोल्डर_आणि_फ्लक्स

दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडक्यात. माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त फोन बॅटरी किंवा चार्जिंगचं सॉकेट बदललं की आणखी दोन-तीन वर्षं आरामात चालतात. लोक ते टाकून द्यायला निघालेले असतात. बॅटरी डिंकाने चिकटवलेली, सुटा भाग मिळत नाही, मग नवीन घ्या. मुक्ताताई, टॅब्लेट घेताना बॅटरी बदलता येते का आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे लेखी घ्याच.

मुक्ता_वाचते

सगळ्यांचे मनापासून आभार. वैजयंतीताई, एक ग्राहक म्हणून मी काय करू हे थोडं उलगडलं. पण समितीपुढे काय ठेवू? आमची खरेदी लहान आहे. कंपनी आम्हाला कशाला उत्तर देईल?

वैजयंती_क

मुक्ता, एकट्या गिऱ्हाईकापेक्षा संस्थेचा हात लांब पोचतो, कारण संस्था करार करते. करारात घातलेली अट विक्रेत्याला वाचावी लागते. युरोपात विद्यापीठं, नगरपालिका, रुग्णालयं इलेक्ट्रॉनिक्स वॉच या संस्थेचे सभासद होतात. त्यांच्या करारात विक्रेत्याने कारखाने उघड करावेत असं कलम असतं, आणि पाहणी त्या देशातल्या कामगार संघटनांच्या मदतीने होते. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. आम्ही ऑडिटर तारीख कळवून जायचो, दोन-तीन दिवसांत परत. तिथली संघटना मात्र कायम तिथेच असते. थायलंडमध्ये म्यानमारहून आलेल्या कामगारांनी नोकरीसाठी एजंटांना भरलेले पैसे अशा पाठपुराव्यातून परत मिळवले गेले आहेत.

हे एजंटांचे पैसे म्हणजे काय ते कळायला हवं. नोकरी मिळवायला कामगार कर्ज काढतो. ते फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, पासपोर्ट दुसऱ्याकडे अडकलेला असतो. मलेशियातल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगात परदेशी कामगारांपैकी जवळपास एक तृतीयांश जण वेठबिगारीसारख्या अवस्थेत होते, असं व्हेरिटे संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत दिसलं. वसतिगृह रंगवलेलं असतं, जेवण बरं असतं, आणि माणूस अडकलेला असतो. अशा ठिकाणी कामगाराला मी एकच प्रश्न आधी विचारायची, इथे यायला किती पैसे दिले? त्यावर शांतता पसरली की पुढचं समजायचं.

तुमच्या निविदेत मी चार ओळी घालीन. अंतिम जोडणी होते त्या कारखान्याचं नाव आणि पत्ता लेखी द्यावा. कामगारांकडून भरतीचे पैसे घेतले जात नाहीत, आणि घेतले गेले असतील तर परत केले जातात, हे कंपनीने कळवावं. सुट्या भागांचं सोल्डर यांनी सांगितलंच आहे, ते घालाच. मॉनिटर आणि संगणकांसाठी स्वीडनचं टीसीओ सर्टिफाइड प्रमाणपत्र मागता येतं, त्यात कारखान्यातल्या परिस्थितीच्याही अटी आहेत. ते सगळं सोडवतं असं नाही, पण विचारणा नोंदली जाते.

आणि डिलिव्हरी तारीख सैल ठेवा. संस्था बऱ्याचदा आर्थिक वर्ष संपता संपता जागी होते आणि तीन आठवड्यांत माल मागते. तुम्ही आत्ता ऑर्डर देऊन तीन-चार महिन्यांची मुदत दिलीत, तर तुमच्या बाजूने तरी घाई नाही. ही गोष्ट पूर्णपणे तुमच्या समितीच्या हातात आहे, कोणाची परवानगी लागत नाही.

कंपनी उत्तर देईल का? पहिल्या पत्राला बहुधा छापील उत्तर येईल, पत्ता न देता. तरी तो प्रश्न विक्रेत्याकडून वरच्या वितरकाकडे जातो. २०२३ पासून जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा लागू आहे, त्यामुळे तिथे मोठा कर्मचारीवर्ग असलेल्या बड्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडची परिस्थिती तपासावी लागते. म्हणजे निदान काही माहिती त्यांच्याकडे असते. ती तुमच्यापर्यंत येईतो विचारत राहायचं. शेजारच्या दोन-तीन वाचनालयांना सोबत घेता आलं तर एकच मसुदा सगळ्यांनी पाठवा.

मसुदा लिहून झाला की इथे टाका, वाचून सांगते.

मुक्ता_वाचते

पुढच्या बैठकीआधी टाकते. डिलिव्हरीच्या मुदतीचा मुद्दा आधी मांडीन, त्याला विरोध होईल असं वाटत नाही. कारखान्याच्या पत्त्यावर मात्र वाद होणार, तेव्हा शुभदा आणि तुम्ही लिहिलेलं वाचून दाखवायची परवानगी द्या.