साया आळशी आहे, विनोदी नाही (‘बांबू ब्लेड’)

करवतकाठी
कालच्या मांगा-धाग्यावर (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) एकाने लिहिलं की ‘बांबू ब्लेड’ या मांगातली साया म्हणजे ‘आळशी पोरींच्या विनोदाचा कळस’. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा. बाईसाहेब शाळेच्या केंदो (बांबूच्या तलवारीने खेळायची जपानी तलवारबाजी) क्लबात नाव ठेवणार, तोंड दाखवणार नाहीत, नवं खूळ ओसरलं की वाजतगाजत परत येणार. आणि किरिनोने, म्हणजे कॅप्टनने, हसत जागा करून द्यायची. १४ खंडांत हा विनोद किती ताणायचा? रोज घाम गाळणाऱ्या बाकीच्या पोरी काय वेड्या?

पाचवा_गडी
सायाकडे बघू नका, गुणतक्त्याकडे बघा. संघ पाच जणींचा. एक कमी पडली की ती लढत न खेळताच ०-२. उरलेल्या चारपैकी दोन जिंकल्या, एक हरली, एक बरोबरीत सुटली, तर लढती २-२. मग इप्पोन (नेमक्या फटक्याचे गुण) मोजायचे, आणि ते दोन फुकटचे गुण समोरच्यांच्या खात्यात आधीच जमा! तिथेही बरोबरी झाली तरच प्रतिनिधी लढत (दोन्हीकडून एकेकच खेळाडू). तामाकी, म्हणजे संघातली हुकमी खेळाडू, कितीही भारी असली तरी ती लढत एकच जिंकणार, आणि तीत दोनाच्या वर इप्पोन नाहीत. दांडीबहाद्दर मुलीला हाकलता येत नाही, यातच तर गंमत आहे. किरिनो मूर्ख नाही, तिला बेरीज येते.

आणि खरा आळशी कोजिरो मास्तर, म्हणजे क्लबाचा प्रशिक्षक. इशिबाशी या दुसऱ्या शाळेच्या प्रशिक्षकाच्या संघाला हरवलं तर वर्षभर फुकट सुशी, या पैजेपायी मुली गोळा करतोय.

निवांत
कोजिरो कफल्लक आहे, आळशी नाही. फरक असतो. बाकी चालू द्या.

करवतकाठी
@पाचवा_गडी, म्हणजे ‘गरज आहे म्हणून सहन करा’. याला विनोद म्हणत नाहीत, नाइलाज म्हणतात.

बोरूबहाद्दर
दोघेही हवेत बोलताय. चार आठवडे दांडी मारून आलेल्या मुलीने पहिली गोष्ट कोणती करायची? शिनाई, म्हणजे बांबूची तलवार, तपासायची. आणि मांगावाले नेमकं तेच दोन चौकटींत उरकतात.

बांबू सुकला की मार बसतो त्या टोकाकडच्या भागात कडा उकलतात. कुसळ निघालं आणि मेनच्या (शिरस्त्राणाच्या) जाळीतून आत गेलं तर थेट डोळा. शिनाईच्या चारही बांबूच्या पट्ट्यांवरून कोरडं फडकं फिरवा, अडकलं तिथे कुसळ. मग दोरी सोडून पट्ट्या सुट्या करा, सुरीने कड खरवडा, पॉलिश पेपर मारा, तेलाचं बोट फिरवून रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. उभी चीर असेल तर ती पट्टी फेकाच. चिकटपट्टी गुंडाळून खेळायला परवानगी नाही. जोडताना पट्ट्या एक घर फिरवा, नाहीतर मार कायम त्याच पट्टीवर बसतो. नाकायुई, म्हणजे पट्ट्या आवळणारं चामडी बंधन, टोकापासून पात्याच्या साधारण पाव अंतरावर. ती हातोड्याकडे घसरली की समजा दोरी सैल आहे.

निवांत
हातोडा?? मूठ म्हणायचंय का? आणि तेलबिल जुन्या लोकांची हौस. कार्बनची शिनाई घ्या आणि मोकळे व्हा.

बोरूबहाद्दर
मूठच. समजलं ना? कार्बनचंही वरचं आवरण सोलून आतले काळे धागे दिसले की ती बाद, तिला खरवडून दुरुस्ती नाही. शिवाय ती महाग, आणि हे चाललंय शाळेच्या क्लबाबद्दल. टोकाचं चामडं तर दोन्हीकडे बघावंच लागतं, ते फाटलं की पट्टी बाहेर घुसते.

पाचवा_गडी
खरवडा खरवडा म्हणताय, वजनाचं काय? जपानी हायस्कुलातल्या मुलींसाठी लांबी ११७ सेंमीपर्यंत आणि वजन किमान ४२० ग्रॅम, तेही त्सुबा (मुठीवरची चकती) सोडून. मुळातच काठावरची शिनाई दोनदा तासली की स्पर्धेआधीच्या तपासणीत बाद. मग आणा दुसरी उसनी, तिचा तोल वेगळा, कोतेचा फटका मनगटाऐवजी कोपराकडे.

बोरूबहाद्दर
तासायला कोण सांगतंय? कुसळ काढायचं म्हटलं, पेन्सिल करायची नाही. वाचत जा जरा!

करवतकाठी
धागा सायाचा होता, सुतारकामाचा नाही. तरी जाता जाता: तुमच्याच हिशोबाने दांडी मारून आलेली मुलगी सुकलेली शिनाई घेऊन दुसरीच्या डोळ्यासमोर उभी राहते. आता हसा.

पाचवा_गडी
म्हणूनच सरावाआधी एकमेकींच्या शिनाई तपासतात, फक्त स्वतःची नाही. हा मुद्दा तुमचा, घ्या, देऊन टाकला. पण सायाला काढलं तर ०-२ तुम्ही भरून देणार का?

निवांत
कोजिरो भरून देईल. सुशी मिळाल्यावर.