मुकुंदवाडी-पुंडलिकनगर पट्टा सुधारला, की नुसती माणसं बदलली? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

गुंठाभर: छत्रपती संभाजीनगरच्या या पट्ट्यात पत्रे गेले, स्लॅब आले, म्हणून लोकांची कमाई वाढली असं सरसकट म्हटलं जातं. मला पटत नाही. समजा एका गल्लीत दहा घरं आहेत आणि प्रत्येकाची कमाई महिना 12,000. दोघं प्लॉट विकून शहराबाहेर गेले, त्यांच्या जागी 60,000 कमावणारे दोघं आले. सरासरी एकदम 21,600 वर गेली. उरलेल्या आठ घरांत मात्र एक रुपया वाढलेला नाही. सरासरीऐवजी मधलं घर बघा, ते 12,000 वरच आहे. आणि जे गेले त्यांची नोंद कुठंच नाही. ते पार चितेगाव-करमाडकडं सरकले, तरी आकडे गोड दिसतात.

स्लॅबवाला: गणित बरोबर, पण वस्ती तशी नाही हो. इथं 20 बाय 30 चा प्लॉट, म्हणजे 600 चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याहून थोडा जास्त. गुंठेवारीत, म्हणजे शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांत, खरेदी बाँडपेपरवरची, म्हणून बँक कर्ज देत नाही. मग माणूस आधी दोन खोल्या काढतो, कॉलमच्या सळया वर तशाच ठेवतो आणि भिशी उचलली की जिना आणि वरचा मजला. खाली चार किरायदार, वर मालक. जुनाच माणूस, पण किरायाची कमाई नवी. चिकलठाणा एमआयडीसी शेजारी असल्यानं खोली रिकामी राहत नाही. याला 'माणसं बदलली' कसं म्हणता?

गुंठाभर: मालकाचं मान्य. पण त्या चार किरायदारांना वस्तीत धरायचं की नाही? एका प्लॉटवर पाच कुटुंबं आहेत, त्यातलं एक वर गेलं.

प्रगणक: दोघांनीही आधी आकडे कुठून येतात ते बघावं. जनगणना उत्पन्न विचारतच नाही. घरयादीत छत, खोल्या, मालकीचं की किरायाचं, नळ, दुचाकी असंच काही असतं. त्यामुळं स्लॅब दिसतो, कर्ज दिसत नाही. 2001 ला मनपा हद्दीत 8,73,311 लोक होते, 2011 ला 11,75,116. 2021 ला ठरलेली मोजणी झालीच नाही, आणि वॉर्डांच्या हद्दी बदलत गेल्या. जुना वॉर्ड नव्याशेजारी ठेवून टक्केवारी काढली की चूक ठरलेलीच.

धर्माचंही तसंच. 2011 ला शहरात हिंदू साधारण 51, मुस्लिम 31, बौद्ध 15 टक्के. हा तक्ता शहराचा आहे, गल्लीचा नाही. पुन्हा, 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत नोंद करता येते. तेव्हा 'अनुसूचित जाती' आणि 'बौद्ध' यांची बेरीज केली की तीच माणसं दोनदा मोजली जातात. ही चूक इथं फार होते आणि तिच्यावरून भांडणंही होतात. रेशनकार्डाच्या रंगावरूनही ठरवू नका. पिवळ्या कार्डाची अट वर्षाला 15,000 ची आहे. त्यात आजचा कोणता मजूर बसेल?

नळकोंडाळं: मग पाणी बघा. जायकवाडी जवळ असूनही नळाला रोज पाणी नाही. मालकाच्या हौदात मोटार, किरायदाराच्या दाराशी 200 लिटरचा ड्रम. पाण्याची पाळी लांबली की जार आणि टँकरचा खर्च किरायदाराच्या खिशातून. किराया धरून हा खर्च वजा केल्याशिवाय कमाईची तुलनाच करू नये.

स्लॅबवाला: हे पटलं. पण उपाय गुंठेवारी नियमित करण्यातच आहे. 2001 च्या कायद्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. फाईल मंजूर झाली की कर्ज मिळतं, सावकारापासून सुटका होते.

गुंठाभर: आणि नियमित झालं की प्लॉटचा भाव चढतो, मालक विकतो, नवा मालक खोल्या पाडून स्वतः राहायला येतो. फाईल करा, माझा विरोध नाही. पण प्लॉटवर किती किरायदार आहेत आणि किती वर्षांपासून, हा एक रकाना त्याच अर्जात घाला. तीन वर्षांनी परत त्याच दारावर जाऊन विचारा.

प्रगणक: रकाना भरणार मालकच. तो किरायदार लपवेल, घरपट्टी वाढेल म्हणून. वीजमीटर आणि सबमीटर मोजा, ते बरं.