अंश आणि छेद

२०१८ साली अफगाणिस्तानात लाखामागे दहा-बारा नागरिक मारले गेले आणि अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात लाखामागे साठच्या आसपास खून झाले, म्हणून युद्धभूमीच अधिक सुरक्षित, असा या दोन्ही आकड्यांची तुलना करणाऱ्या एका तक्त्यातून काढलेला निष्कर्ष भागाकार म्हणून बरोबर आहे. पण अंश आणि छेद एका मापाचे नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी त्या वर्षी नोंदवलेले ३,८०४ मृत्यू म्हणजे किमान तीन वेगळ्या प्रकारच्या स्रोतांकडून खातरजमा झालेले तेवढेच, आणि ते भागायचे १९७९ नंतर शिरगणतीच न झालेल्या अख्ख्या देशाच्या अंदाजित लोकसंख्येने. सेंट लुईसचा छेद मात्र उपनगरे वगळून जेमतेम तीन लाखांचा.

मृत्यूची नोंद कुठे होते, हा मुद्दा या तक्त्यावरच्या चर्चेत अजून कोणी काढलेला नाही. आपल्याकडे १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद माणूस राहतो तिथे नव्हे, तर मरतो तिथे होते. राजापूरकडच्या आमच्या गावातून गंभीर रुग्ण कोल्हापूरला, नाहीतर मुंबईला हलवतात. काका कोल्हापुरात गेले, त्यानंतर काही कामासाठी ग्रामपंचायतीत गेलो असता ग्रामसेवकांनी नोंदवही उघडून दाखवली. त्या पावसाळ्यात वाडीतली चार माणसे गेली होती. वहीत नाव एकच, तेही घरी वारलेल्या एका आजींचे. (नुसती वही पाहणाऱ्याला आमचे गाव अमरपुरी वाटावे.) निवडक वस्त्यांतून जन्म-मृत्यूचे दर काढणाऱ्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत म्हणूनच मृत्यू नेहमीच्या राहत्या ठिकाणी धरतात. युद्धातला जखमी सीमेपलीकडच्या इस्पितळात दगावला तर तो कोणाच्या अंशात धरला आहे, हे त्या तक्त्यात दिलेले नाही.