कोलायटिस असताना सेंट्रिंगचं (स्लॅबचा साचा बांधायचं) काम

प्रश्न: अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज, जखमा) आहे, त्यावर मेसालाझिन हे सूज कमी करणारं औषध चालू. उन्हात दुपारपर्यंत पायात गोळे येतात, पाठ धरते. डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी चालेल का?

उत्तर: नको दादा! डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनने आजार उसळू शकतो. शिवाय अंगातलं पाणी कमी, त्यात मेसालाझिन, म्हणजे मूत्रपिंडावरही ताण. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासत राहा. दुखण्याला डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. गोळे बहुधा घाम आणि जुलाबातून मीठ गेल्याचे, नुसत्या पाण्याने ते भरत नाही. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण 1 लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी ओतली की द्रावण घट्ट होतं, जुलाब वाढतात. पुडी नसेल तर 1 लिटरला चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट घ्या.

उत्तर: दमही लागतो का? हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करा. आतड्याला सूज असताना 100 च्या आतलं फेरिटिनसुद्धा लोहाची कमतरता दाखवू शकतं; रिपोर्टवर मात्र ते 'नॉर्मल' दिसतं, तिथेच फसगत होते.

उत्तर: दिवसात 6 किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप किंवा नाडी 90 च्या वर असेल, तर परांचीवरून उतरा, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि बरं वाटलं म्हणून मेसालाझिन परस्पर सोडू नका.